निशचे यश नशिबाचे नव्हते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या क्रीडा पुरवणीत पूर्व युरोपातील फुटबॉलवर आलेल्या लेखाचा सूर असा होता की सर्बियाचा फुटबॉल म्हणजे बेलग्रेडचे रेड स्टार आणि पार्टिझान. बाकीच्या गावांचे क्लब कधीतरी नशिबाने पुढे जातात आणि पुन्हा दिसेनासे होतात. बेलग्रेडच्या जोडीचा दबदबा कोणी नाकारणार नाही. १९८९ मध्ये नोवी सादच्या वॉयवोदिना क्लबने तेव्हाच्या अखंड युगोस्लावियाची लीग जिंकली, त्यानंतर बेलग्रेडबाहेरच्या एकाही सर्बियन क्लबला विजेतेपद मिळालेले नाही. पण 'नशिबाने' हे मान्य होण्यासारखे नाही. रादनिचकी निश या क्लबचा हिशेब नीट मांडला तर त्याचे चढणे आणि घसरणे दोन्ही नियमांशी, वेळापत्रकाशी आणि पैशाशी जोडलेले दिसते. तो हिशेब आपल्या वाचकांपुढे यावा, म्हणून हे सविस्तर पत्र.

निश हे दक्षिण सर्बियातले निशावा नदीकाठचे शहर. बेलग्रेडपासून साधारण २४० किलोमीटरवर. सोफियाकडे आणि थेसालोनिकीकडे जाणारे रस्ते आणि रेल्वेमार्ग इथे फुटतात. त्यामुळे रेल्वे आणि तिच्याभोवतीचे कारखाने हाच शहराचा कणा. तंबाखूचा मोठा कारखाना, यंत्रसामग्रीचा कारखाना आणि दुसऱ्या महायुद्धानंतर रेडिओ व टीव्ही बनवणारा 'एई निश' हा इलेक्ट्रॉनिक्सचा पसारा. रादनिचकी म्हणजे कामगारांचा क्लब. क्रागुयेवात्स, पिरोत, सोम्बोर अशा अनेक गावांत याच नावाचे क्लब आहेत, म्हणून गावाचे नाव जोडल्याशिवाय बातमीला अर्थ राहत नाही. (आपल्याकडच्या बातम्यांत नुसते 'रादनिचकी' छापून येते, तेव्हा तो निशचा की क्रागुयेवात्सचा हे कळायला मार्ग नसतो.) निशच्या क्लबची स्थापना २४ एप्रिल १९२३ ची. तेव्हाच्या युगोस्लाव राज्यात कम्युनिस्ट पक्षावर बंदी होती आणि कामगारांच्या क्रीडासंस्थांवर पोलिसांची नजर असे. अशा क्लबांना वाढायला वाव मिळाला तो १९४५ नंतर.

१९६२ मध्ये रादनिचकी पहिल्या विभागात चढला आणि १९८५ पर्यंत सलग तिथे टिकला. ही गोष्ट वाटते तेवढी साधी नाही. रेड स्टार, पार्टिझान, झाग्रेबचा दिनामो आणि स्प्लिटचा हायदुक या 'मोठ्या चौघां'नी सगळी गुणवत्ता ओढून घेतलेली लीग होती ती. १९४६ ते १९९२ या काळात या चौघांबाहेर विजेतेपद गेले ते फक्त पाच वेळा: वॉयवोदिना दोनदा, सारायेवो दोनदा, झेल्येझ्निचार एकदा. प्रवासही तसाच. लुब्लियानाला सामना असला तर निशहून एका बाजूचे साडेसातशे किलोमीटरहून अधिक अंतर कापावे लागे. १९७५ मध्ये निशने बाल्कन कप जिंकला, पण क्लबची खरी उंची त्यानंतरची. १९७९-८० आणि १९८०-८१ असे सलग दोन मोसम तो लीगमध्ये तिसरा आला आणि दोन्ही वेळा युएफा कपमध्ये, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेत, पोचला. 'निशावाकाठचे रेआल' (रेआल माद्रिदवरून) हे टोपणनाव चाहत्यांनी कौतुकाने लावले असले तरी त्या दोन वर्षांत ते फार अतिशयोक्तीचे नव्हते.

युएफा कपमधली यातली पहिली मोहीम फार लांब गेली नाही. १९८०-८१ मध्ये लिंत्सचा लास्क आणि बल्गेरियाचा बेरोए यांना हरवून संघ तिसऱ्या फेरीत गेला आणि हॉलंडच्या एझेड अल्कमारने त्याला फोडून काढले: निशमध्ये २-२, अल्कमारला ०-५. घरी दोन गोल खाल्ले की परक्या मैदानावर काय होते, याचा धडा संघाने पुढच्या वर्षी गिरवलेला दिसतो.

१९८१-८२ ची ती मोहीम समजायची तर तेव्हाची रचना ध्यानात घ्यावी लागते. स्पर्धेत ६४ संघ, गट वगैरे काही नाही, प्रत्येक फेरीत एक सामना घरी आणि एक बाहेर, अंतिम फेरीसुद्धा दोन सामन्यांची. दोन्ही सामन्यांचे गोल मिळून बरोबरी झाली, तर परक्या मैदानावर ज्याचे गोल जास्त तो पुढे. (युएफाने हा नियम २०२१ मध्ये रद्द केला. आजच्या तरुण वाचकांना तो समजावून सांगावाच लागेल.) या नियमात घरच्या मैदानावर गोल न खाणे हे गोल करण्याइतकेच मोलाचे ठरते, कारण घरी खाल्लेला एक गोल बरोबरीच्या वेळी प्रतिस्पर्ध्याच्या पारड्यात पडतो.

आता निकाल पाहा. पहिल्या फेरीत नापोली, ज्यात तेव्हा हॉलंडचा रूद क्रोल खेळत होता. नेपल्समध्ये २-२. म्हणजे निशमध्ये ०-० किंवा १-१ सुद्धा पुरेसे होते. निकाल ०-०, निश पुढे. दुसऱ्या फेरीत झुरिकचा ग्रासहॉपर: तिथे ०-२. परतीच्या सामन्यात निशने एक गोल जरी खाल्ला असता, तर ३-१ ने जिंकूनही संघ बाहेर गेला असता. चार गोल करावे लागले असते. निकाल २-० आणि पेनल्टी शूटआउटमध्ये ३-०. तिसऱ्या फेरीत फेयेनूर्द: या वेळी पहिला सामना घरी, २-०, म्हणून रॉटरडॅममधला ०-१ पराभव पचला. उपांत्यपूर्व फेरीत डंडी युनायटेड, ज्याने त्या मोसमात बोरुसिया म्योन्शेनग्लाडबाखला घरी ५-० ने चिरडले होते. स्कॉटलंडमध्ये ०-२, म्हणजे पुन्हा ग्रासहॉपरसारखीच कोंडी, पुन्हा एकही गोल खायचा नाही. निशमध्ये ३-०.

उपांत्य फेरीत एर्न्स्ट हापेल यांचा हॅम्बुर्ग. माग्थ, हृबेश, काल्त्स असलेला हा संघ पुढच्याच वर्षी युरोपियन कप (आजची चॅम्पियन्स लीग) जिंकणार होता. ७ एप्रिल १९८२ रोजी निश २-१ ने जिंकला. वर्तमानपत्रात विजय म्हणून छापून आलेला हा निकाल प्रत्यक्षात अडचणीचा होता. त्या एका गोलामुळे हॅम्बुर्गला घरी नुसते १-० पुरले असते. गोल न करता पुढे जायचे तर निशला बरोबरी राखणे भाग होते. पण बचावावर टिकून राहायचे म्हटले तर सगळा मोसम या संघाचा बचाव फक्त घरच्या चाइर स्टेडियमवर टिकला होता. २१ एप्रिलला हॅम्बुर्गमध्ये १-५.

दहा सामन्यांची बेरीज केली की चित्र स्वच्छ होते. घरचे पाच सामने: ९ गोल केले, १ खाल्ला. बाहेरचे पाच: ३ केले, १२ खाल्ले, एकही विजय नाही. एकूण १२ केले आणि १३ खाल्ले. गोलफरक उणे एक असलेला संघ युएफा कपच्या उपांत्य फेरीत पोचला, याला कोणी नशीब म्हणेल. पण चार वेगवेगळ्या देशांच्या क्लबांपुढे घरी एकही गोल न खाणे हे नशिबाने होत नाही. ते स्पर्धेच्या रचनेला अचूक ओळखून खेळणे होते. आजच्या साखळीच्या रचनेत, जिथे घरचे आणि बाहेरचे सामने वेगवेगळ्या प्रतिस्पर्ध्यांशी होतात, हाच संघ याच निकालांनी मधेच कुठेतरी अडकला असता.

असा संघ कारखान्यांच्या शहरात जमला कसा, हा खरा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर मैदानाबाहेर आहे. युगोस्लाव फुटबॉलमध्ये २८ वर्षे पूर्ण होण्याआधी खेळाडूला परदेशी क्लबकडे जाता येत नसे. मध्ये सक्तीची लष्करी सेवा असे, ती वेगळी. परिणाम असा की २१-२२ व्या वर्षी तयार झालेला खेळाडू आणखी सहा-सात मोसम देशातच राही. त्यातल्या सर्वोत्तमांना मोठे चौघे नेत. पण त्यांच्या संघातही जागा मोजक्याच, त्यामुळे दुसऱ्या फळीतले चांगले खेळाडू निश, मोस्तार, नोवी साद अशा ठिकाणी वर्षानुवर्षे एकत्र खेळत. बचावफळीतले चौघे पाच मोसम शेजारीशेजारी खेळले की घरच्या मैदानावर गोल खाणे आपोआप कमी होते. पगाराची आणि नोकरीची व्यवस्था शहरातले उद्योग बघत.

गोलरक्षक द्रागान पांतेलिच हे याचे ठळक उदाहरण. १९५१ चा जन्म, सत्तरच्या दशकभर निशच्या गोलमध्ये, आणि पेनल्टी मारून लीगमध्ये गोल करणारा गोलरक्षक म्हणून देशभर नाव. वयाची अट संपल्यावर तो फ्रान्सच्या बोर्डोला गेला आणि १९८१-८२ मध्ये तिथेच होता. म्हणजे निशची ती उपांत्य फेरीची मोहीम त्यांच्या सर्वांत प्रसिद्ध गोलरक्षकाशिवाय झाली. इतकी वर्षे एकत्र राहिलेल्या संघाने एक मोठा माणूस गेलेला सहन केला. एका उन्हाळ्यात सहा जण गेले असते तर ते जमले नसते.

ही २८ वर्षांची अट खेळाडूंवर अन्याय करणारी होती, यात शंका नाही. कारकिर्दीची उमेदीची वर्षे मायदेशाच्या तुटपुंज्या कमाईवर काढायला लावणारा नियम कोणी परत आणावा असे वाटत नाही. पण लहान शहरांचे क्लब त्याच्याच आडोशाने उभे होते, हे मान्य केल्याशिवाय त्यांचा इतिहास लिहिता येणार नाही.

वॉयवोदिनाची कथाही याच काळातली आहे. १९६६ मध्ये पहिले विजेतेपद, पाठोपाठ युरोपियन कपमध्ये आतलेतिको माद्रिदला तिसऱ्या, निर्णायक सामन्यात हरवून उपांत्यपूर्व फेरी. तिथे नोवी सादमध्ये सेल्टिकवर १-० विजय आणि ग्लासगोत ०-२, दुसरा गोल अगदी शेवटच्या क्षणी बिली मॅकनीलच्या हेडरवर. सेल्टिक पुढे त्या वर्षी कप जिंकला.

निशने घडवलेला सर्वांत मोठा खेळाडू द्रागान स्तोयकोविच, 'पिक्सी'. जन्म १९६५, निश. १९८४ च्या युरोपियन अजिंक्यपद स्पर्धेत फ्रान्सविरुद्ध त्याने पेनल्टीवर गोल केला तेव्हा तो १९ वर्षांचा होता आणि रादनिचकीचाच खेळाडू होता. त्या मोसमात रादनिचकी युएफा कपच्या तिसऱ्या फेरीपर्यंतही गेला होता. तिथे हायदुक स्प्लिटने त्याला हरवले. (आपल्या भारतीय संघाचे माजी प्रशिक्षक इगोर स्तिमाच घडले तो हाच हायदुक. युगोस्लाव फुटबॉलशी आपला धागा त्याहून जुना आहे: १९८४ मध्ये सिंगापूरच्या आशिया चषकात भारताचे प्रशिक्षक मिलोवान चिरिच हे युगोस्लावच.) १९८५ मध्ये क्लब खाली घसरला आणि १९८६ मध्ये स्तोयकोविच रेड स्टारकडे गेला. १९९० मध्ये, २५ व्या वर्षी, तो मार्सेलला गेला. तोवर वयाची अट ढिली झाली होती हे यातूनच दिसते. देश फुटल्यावर ती उरलीच नाही.

पुढचा भाग लवकर सांगता येतो, कारण सगळे एकदमच कोसळले. १९९२ च्या मे अखेरीस संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध आले आणि तीन मोसम युगोस्लाव क्लबांना युरोपीय स्पर्धा बंद झाल्या. १९९४ च्या जानेवारीत महागाई एका महिन्यात ३१ कोटी टक्क्यांच्या वर गेली. अशा वेळी क्लबचे अंदाजपत्रक या कल्पनेलाच अर्थ राहत नाही. क्लबला पोसणारे कारखाने बंद पडले किंवा रखडत राहिले. ७ मे १९९९ रोजी निश शहराच्या मध्यभागावर क्लस्टर बॉम्ब पडले. २००० नंतरची बरीच वर्षे रादनिचकी खालच्या विभागांत होता आणि २०१२ मध्ये सुपरलिगात, म्हणजे सर्बियाच्या पहिल्या विभागात, परतला. त्याच सुमारास चाइर स्टेडियमचे नूतनीकरण होऊन १८ हजारांच्या आसपास आसने झाली.

आणि मग २०१८-१९. नेनाद लालातोविच यांच्या प्रशिक्षणाखाली निश लीगमध्ये दुसरा आला, पार्टिझानच्याही वर. क्रमांकाने पाहिले तर १९८१ पेक्षा ही कामगिरी सरस. पण १९८१ मध्ये तिसऱ्या क्रमांकाने थेट ६४ संघांच्या पहिल्या फेरीत जागा मिळाली होती, सामने सप्टेंबरात. २०१९ मध्ये दुसऱ्या क्रमांकाने मिळाली युरोपा लीगच्या (जुन्या युएफा कपचेच नवे नाव) पात्रतेची पहिली फेरी, जुलैमध्ये. सर्बियन लीग मे अखेरीस संपते. जूनमध्ये खेळाडू विकले जातात, करार संपलेले निघून जातात, नवे जुलैच्या तोंडावर येतात आणि दोन-तीन सराव सामन्यांनंतर संघाला वर्षातला सर्वांत महत्त्वाचा सामना खेळावा लागतो. त्या उन्हाळ्यात प्रशिक्षकच वॉयवोदिनाकडे गेले. एस्टोनियाच्या फ्लोराने तालिनमध्ये २-० ने हरवले, निशमध्ये २-२, आणि जुलै संपायच्या आत युरोप संपला. एस्टोनियाची लीग वसंतापासून शरदापर्यंत चालते, म्हणजे जुलैत फ्लोराचा संघ भर मोसमात, पूर्ण लयीत होता. हे कारण आपल्याकडच्या कोणत्याही बातमीत आले नाही. पुढच्या वर्षी, जून २०२० मध्ये, लालातोविच यांच्या वॉयवोदिनाने पार्टिझानला पेनल्टींवर हरवून सर्बियन कप जिंकला तो नेमका निशच्या चाइर स्टेडियमवर!

लेखात 'खेळाडू विकून हे क्लब गबर होतात' असेही म्हटले होते. आकडे मांडून बघावे. फिफाच्या एकजूट-निधीच्या नियमानुसार, करार चालू असलेला खेळाडू एका देशातून दुसऱ्या देशात विकला गेला की विक्रीच्या रकमेतून ५ टक्के कापून ते त्याला १२ ते २३ वर्षांच्या वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. १२ ते १५ या वयातील प्रत्येक वर्षासाठी रकमेच्या ०.२५ टक्के, १६ ते २३ साठी प्रत्येकी ०.५ टक्के. समजा एक मुलगा १२ ते १८ ही सात वर्षे निशला शिकला, मग बेलग्रेडला गेला आणि तिथून १० लाख युरोंना परदेशी विकला गेला. निशचा वाटा: चार वर्षांचा १ टक्का, तीन वर्षांचा १.५ टक्के, एकूण अडीच टक्के. म्हणजे २५ हजार युरो. एवढ्यात एक प्रशिक्षक आणि थोडे साहित्य भागते, अकादमी चालत नाही. शिवाय निशहून बेलग्रेडला जाताना, म्हणजे देशांतर्गत विक्रीत, हा निधी लागूच होत नाही.

म्हणून जाणते क्लब मुलगा बेलग्रेडला देतानाच करारात पुढच्या विक्रीतला वाटा लिहून घेतात, दहा टक्के असो की वीस. चूक होते ती इथे. महिनाअखेरीचे पगार थकलेले असतात, म्हणून क्लब पुढचा वाटा सोडून रोख रक्कम थोडी वाढवून घेतो. तीन वर्षांनी तोच मुलगा कितीतरी पट किमतीला जातो आणि निशच्या हाती फक्त फिफाचा अडीच टक्के. तेही नोंदणीची कागदपत्रे वयाच्या बाराव्या वर्षापासून नीट ठेवलेली असतील तर. एका मोसमाची नोंद सापडली नाही की त्या वर्षाचा वाटा गेला.

मालकीचा प्रश्न याच्याशीच बांधलेला आहे. सर्बियातले बहुतेक क्लब कायद्याने नागरिकांच्या संघटना आहेत. त्यांना भागधारक नाहीत, मालक नाही. बेलग्रेडबाहेर पैशाचा मुख्य आधार नगरपालिका. त्यामुळे शहरातली सत्ता बदलली की क्लबचे कार्यकारी मंडळ बदलते, मंडळ बदलले की प्रशिक्षक, आणि नव्या प्रशिक्षकाला नवे खेळाडू हवे असतात. पाच मोसम एकत्र खेळणारी बचावफळी अशा व्यवस्थेत तयार होऊ शकत नाही. चाहत्यांचा 'मेराक्लिये' हा गट दर मोसमात नवी नावे पाठ करतो.

वेगळा मार्ग दाखवला तो बाच्का तोपोलाच्या टीएससीने. हंगेरीच्या सीमेजवळचे, हंगेरियन भाषकांची मोठी वस्ती असलेले छोटे गाव. हंगेरी सरकारच्या मदतीने तिथे अकादमी आणि २०२१ मध्ये नवे स्टेडियम उभे राहिले. २०१९ मध्ये सुपरलिगात आलेला हा क्लब २०२२-२३ मध्ये दुसरा आला आणि युरोपा लीगच्या गटात वेस्ट हॅम, फ्रायबुर्ग, ऑलिंपियाकोस यांच्याशी खेळला. शेजारच्या देशाचा असा हात निशला मिळण्याची शक्यता नाही, म्हणून टीएससीचे उदाहरण देऊन बाकीच्या गावांना नावे ठेवणे बरोबर नाही.

एक छोटी विनंती. जुलै-ऑगस्टमध्ये युरोपीय पात्रता फेऱ्यांचे निकाल आपण एका ओळीत देता, तेव्हा परतीच्या सामन्यापुढे पहिल्या सामन्याचा निकाल आणि गोलांची बेरीजही छापावी. २-२ असा निकाल वाचून निश बाहेर का गेला, हे त्याशिवाय कोणालाच उमगणार नाही.

कळावे,
आपला एक वाचक,
कोल्हापूर